अर्ध्या मिनिटात जाळलेलं लग्न

माझी ही फजिती म्हसावदला लोक अजून सांगतात, आणि जरा वाढवूनच सांगतात. म्हणून म्हटलं, खरी काय ती माझ्याच तोंडून ऐका.

शहाद्यात माझा फोटो स्टुडिओ. गेल्या वर्षी मी डिस्कवर फिल्म उतरवायचा ब्लू-रे बर्नर घेतला आणि मला शिंगं फुटली! म्हसावदच्या सुमनकाकूंच्या लेकीचं, वर्षाचं लग्न मीच शूट केलं होतं. कोरीटचे व्याही लग्नाची फिल्म बघायला येणार होते. मी डिस्क, बर्नर, लॅपटॉप घेऊन काकूंकडे हजर.

"बर्नर? गॅसना का रे?" काकूंनी विचारलं.

"नही हो काकू! हाऊ लेझरना शे."

झालं, मी सुरू! डीव्हीडीचा लेझर लाल, त्याचे ठिपके मोठे. याचा निळा-जांभळा, टोक एकदम बारीक. डिस्कच्या थरात इवले इवले ठिपके जाळतो, म्हणून तेवढ्याच डिस्कवर पाचपट माल मावतो. "आणि वेग बघा! तीन तासांचं लग्न अर्ध्या मिनिटात जाळलं!"

व्याहीबुवांनी कौतुकानं मान डोलावली. आता सांगा, मला तेव्हाच शंका यायला नको होती?

लॅपटॉप टीव्हीला जोडला. क्लिक केलं. 'फाइल सापडत नाही.'

डिस्क शर्टाला पुसली. तेच. व्होल्टेजला नावं ठेवली. मग धूळ उडते म्हणून पंखा बंद करायला लावला. भर उन्हाळ्यात! बारा माणसं घामाघूम, आणि टीव्हीवर तीच ओळ.

"मन्ही पोर कोठे शे रे यामा?" काकूंचा आवाज रडवेला झाला.

शेवटी वर्षाच उठली. माझ्या हातातला माऊस घेतला, एकदा बघितलं.

"भाऊ, हाई फिल्म नही. शॉर्टकट शे."

माझे कान तापले. फिल्म दुकानातल्या कॉम्प्युटरवरच राहिली होती. एवढ्या मोठ्या डिस्कवर मी तिचा नुसता पत्ता जाळून आणला होता! बरं, ही डिस्क एकदा जळली की जळली, पुसायची सोय नाही.

वर्षानं काकूंना समजावून सांगितलं. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे लगीन दुकानमा ऱ्हायनं, आनि हाऊ नुसती पत्रिका हातमा लई उना!"

सगळे हसले. वाटलं, सुटलो. पण व्याहीबुवा गंभीर.

"पत्रिका भेटनी, मंग जावाले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाराच्या बारा माणसं जीप भरून माझ्या दुकानात! एका मॉनिटरसमोर तीन तास बसली. आधी चहा, मग फरसाण, मग जेवायचीच वेळ झाली.

लग्न वर्षाचं, पण पंगत मला घालावी लागली!