कुंकवाच्या पावलांचे ठसे

ती आमच्या प्रयोगशाळेत रुजू झाली त्या दिवसापासून मी तिच्यावर जळत होते. खोटं कशाला बोलू? बेलापूरला आमचं काम गुन्ह्यांच्या तपासाला उपयोगी पडेल असं संशोधन करण्याचं. नवाकोरा कॉम्प्युटर आला, तो साहेबांना येईना, मला येईना, तिला मात्र यायचा. झालं! साहेब दिवसभर तिच्या खुर्चीमागे उभे.

आणि ती त्यात भरत काय होती, तर मी गोळा केलेले पावलांचे ठसे. अनवाणी पावलावरून माणसाची उंची सांगता येते का, हे बघायला मी उरणकडची गावं एसटीने पालथी घातली होती. बायका काळ्या शाईत पाय ठेवेनात. सवाष्णीने काळ्यात पाय घालायचा का, म्हणाल्या. मग मी कुंकू कालवून नेलं, तेव्हा कुठे त्या पुढे आल्या. मिठागरात राबलेल्या एका म्हातारीने मात्र अट घातली.

"पाय घे बाय, पन नाव पोलिसांकरं नको."

मी शब्द दिला.

प्रयोगशाळेत हिने सगळं फ्लॉपीत भरलं, नावागावासकट. दुसऱ्या संशोधकांना द्यायचं, म्हणजे त्यांना आपलं काम ताडून बघता येईल. तेही मला पटत होतं. पण उरणकडच्याच एका गोदामात चोरी झाली, तिथे अनवाणी पाऊल उमटलेलं सापडलं, एक फौजदार येऊन तीच फ्लॉपी मागू लागला आणि बाईसाहेब द्यायला निघाल्या! मी आडवी आले. नावं पुसल्याशिवाय फ्लॉपी कोणालाच मिळणार नाही, म्हटलं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, मॅडम, तुम्ही जळताय. जळत होतेच की. म्हणून माझं म्हणणं चुकीचं ठरत होतं का? मी हटले नाही. शेवटी तिने तोंड वाकडं करून नावांच्या जागी आकडे घातले आणि फौजदार हात हलवत परत गेला.

पुढे लेख छापून आला. नावं गाळून ठसे सगळ्यांना खुले. वर तिचं नाव, खाली साहेबांचं. आभारातसुद्धा मी नव्हते. माझा नुसता तळतळाट झाला.

तरी अंक घेऊन म्हातारीकडे गेले. तिचं नाव कुठेच नाही, हे पानं उलटून दाखवलं. तिला हायसं वाटलं.

"आन तुजा?" तिने विचारलं.

"माझंही नाही."

म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरा झाला बाय," म्हणाली. "तू पन सुटलीस."