कुरुंद्याच्या पत्र्याखाली टांगलेले दोन माईक

विजयला सोमवारी गडचिरोलीला शिक्षक म्हणून हजर व्हायचं होतं, आणि आमच्या मेटल बँडचं ड्रम्सचं रेकॉर्डिंग अजून बाकी होतं. हाताशी उरला होता फक्त शनिवार, आणि औरंगाबादेत जागा मिळेना. शेवटी विजयच म्हणाला, "आमच्या कुरुंद्याला चला. वळखीच्यांची हळदीची शेड रिकामी हाय." २००७ चा फेब्रुवारी होता. आम्ही निघालो.

त्याआधी एक सांगायला हवं. मागच्या वर्षी आम्ही घरीच एक गाणं रेकॉर्ड करून पाहिलं होतं. विजयनं ते मोठ्या हौसेनं वडलांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "भांड्याची मांडणी पडली का रे?" दुःख याचं, की ते खरं होतं. ड्रम्सच्या वर टांगलेल्या दोन माईकची जागा चुकली, की सिंबलचा, म्हणजे मोठ्या झांजांचा, नुसता खणखणाट होतो. विजयच्या ते मनाला लागलं होतं. वाजवणं सुटण्याआधी एकदा तरी ते भांड्यांसारखं वाजू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

पहाटे जीपच्या टपावर ड्रम्स बांधून जालना, मंठा, जिंतूर असे निघालो. जिंतूरपर्यंत रस्ता बरा, पुढे खड्डे चुकवायचे की मोजायचे हे तुम्ही ठरवा. औंढ्याला चहा आणि गरम भजी जरूर घ्या. शिरड शहापूरला रस्ता विचारायला थांबलो, तर एका आजोबांनी टपाकडे पाहून विचारलं, "बँड हाय का?"

"व्हय, बँडच," विजय म्हणाला.

"मग नवरदेव कुठं हाय?"

पुढे कुरुंद्यापर्यंत आम्ही ड्रायव्हरलाच नवरदेव म्हणत होतो.

गावात शिरताना शिजणाऱ्या हळदीचा वास येत होता. ती शेड म्हणजे उंच पत्रे, सिमेंटची जमीन आणि कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांचा ढीग. विजयचे बाबा दारातच उभे होते. तीस वर्षं गावोगावच्या कार्यक्रमांना, भीमगीतांच्या गायन पार्ट्यांना लाऊडस्पीकर लावणारे हे काका. त्यांनी आधी जेवायला बसवलं आणि भाकरी-पिठलं वाढता वाढता बातमी दिली, "लाईट तीनला जाते." आमच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती. घड्याळात साडेअकरा झाले होते.

आम्ही माईकच्या दोन जोड्या भाड्यानं आणल्या होत्या. एक पेन्सिलीसारखी बारीक, एक जाडजूड. मी जाड जोडी लावली, कारण ती महाग होती. दोन्ही माईक ड्रम्सच्या पुढे, जमेल तितके उंच, अगदी पत्र्याजवळ. विजयनं वाजवलं, हेडफोनमध्ये ऐकलं आणि काठ्या खाली ठेवल्या. "भांडीच," तो म्हणाला.

काका पुढे आले. एक कान बोटानं बंद करून ड्रम्सभोवती फिरू लागले. कधी वाकत होते, कधी टाचा उंच करत होते. मला हसू येत होतं, पण मी ते आवरलं.

"तुमी माईक आधी लावता अन् मग ऐकता," ते म्हणाले. "आमी आधी कान लावतो. कानाला जागा पटली, की माईक तिथंच. वर पत्रा आवाज फेकून राहिला, तिथं काहून टांगले?"

मग कामाला वेग आला. छपराच्या लोखंडी कैच्यांना पोती बांधली, म्हणजे पत्र्याचा आवाज परत येईना. जाड माईक काढून बारीक लावले. त्यात झांजेवरचं काठीचं टोकसुद्धा वेगळं कळत होतं. एक माईक मधल्या ड्रमच्या, स्नेअरच्या, बरोबर वर. दुसरा विजयच्या उजव्या खांद्यामागे, जिथं काकांचा कान थांबला होता तिथं. स्नेअरपासून दोन्हींचं अंतर सारखं हवं, नाहीतर आवाज पोकळ येतो. ते मी पोती शिवायच्या सुतळीनं मोजलं. स्टँड मागे पोचेना, म्हणून दुसरा माईक बांबूला बांधून बांबू उरलेल्या पोत्यांच्या ढिगात रोवला.

तीन गाणी झाली. हळदीची पिवळी धूळ सगळ्यांच्या अंगावर होती. चौथं गाणं सगळ्यात जलद, विजयनं स्वतः रचलेलं. पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या हादऱ्यानं बांबू घसरायला लागला. पावणेतीन वाजले होते.

"मी धरतो," म्हणत काका पोत्यांवर चढले आणि साडेचार मिनिटं बांबू धरून लेकाच्या खांद्यामागे पुतळ्यासारखे उभे राहिले. शेवटची झांज विरली. मी रेकॉर्डिंग साठवलं, आणि थोड्याच वेळात लाईट गेली. विजयनं विचारलं, "कसं झालं, बाबा?" काका खाली उतरत म्हणाले, "धूळ लई झाली. हातपाय धुवा."

विजयचा चेहरा पडला. मला काकांचा राग आला, हे कबूल करतो. ड्रम्स टपावर बांधून आम्ही परत निघालो.

आता घरी बसून हे लिहितोय. कुरुंद्याला जाणार असाल तर फेब्रुवारीत जा, हळदीच्या वासासाठी. माईक भाड्यानं घेणार असाल तर किमतीवर जाऊ नका. मला मात्र त्या सहलीतलं वेगळंच लक्षात राहिलं. मंगळवारी चौथं गाणं मी हेडफोन लावून ऐकत होतो. शेवटी झांज विरत जाते, आणि ती पुरती थांबण्याआधी खांद्यामागच्या माईकमध्ये, अगदी जवळून, काकांचा हळू आवाज येतो, "बराबर वाजवलं लेकरानं."

लगेच गडचिरोलीला फोन लावला आणि रिसीव्हर स्पीकरसमोर धरला. गाण्याचा तो शेवट वाजवला.

"परत लाव," विजय म्हणाला.