मिरजगावचा मिस्त्री

माझी फजिती दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

मी हायस्कुलात मास्तर. स्त्री-पुरुष समानतेवर बोलायला माझ्याइतका तयार माणूस नगर जिल्ह्यात नाही, हे अर्थात माझं स्वतःचं मत. परवा जामखेडला शिक्षकांपुढं भाषण होतं. अकराला पोचायचं, आणि मिरजगावजवळ गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघायला लागली.

रस्त्याकडेलाच गॅरेज होतं. दारात एक मिशाळ गृहस्थ मेथी निवडत बसलेले, आणि एक बाई ट्रॅक्टरखाली पडून काहीतरी करत होत्या. मी मिशा बघितल्या आणि थेट तिकडं गेलो. म्हटलं, मिस्त्री, जरा गाडी बघा. ते मेथी बाजूला ठेवून आले आणि बघत उभे राहिले. इंजिन कधी तापलं, पाणी कुठून गळतंय, सगळं मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. फार मन लावून ऐकलं हो त्यांनी. तेवढ्यात बाई ट्रॅक्टरखालून बाहेर आल्या, तर मी त्यांना म्हणतो, ताई, जरा चहा टाका.

त्यांनी हात पुसले, मला बाजूला सारलं, बॉनेटमध्ये वाकल्या आणि फाटका पाईप काढून माझ्यापुढं धरला.

मी गृहस्थांकडं बघितलं.

"मला त्यातलं काय कळत न्हाई," ते म्हणाले. "तुमी बघा म्हनले, म्हनून बघत हुतो. मिस्त्री आमची मंडळी हाय."

तुम्ही गप्प बसला असता ना? मी सावरायला गेलो. बाईमाणूस असून केवढं अवघड काम, असं ताईंचं कौतुक केलं. त्यांच्या हातातला पाना जरा थांबला. मग नवऱ्याकडं वळलो आणि म्हटलं, घरकामात बायकोला मदत करता, मोठं मन आहे तुमचं.

"मदत कसली? भाजी मीबी खातोच की."

नवा पाईप बसला. एवढी घाई कसली, ताईंनी विचारलं. भाषणाचं सांगावंच लागलं. मग विषयही विचारला.

म्हटलं, "हेच, की अमुक काम बाईचं, अमुक गड्याचं, हे जन्मानं ठरत नाही. समाज ठरवतो."

"समाज म्हंजी तुमीच की, सर," म्हणत त्यांनी बॉनेट लावलं.

जामखेडपर्यंत गाडी एकदाही अडली नाही. अडलो मी, भर भाषणात, 'समाज' हा शब्द तोंडातून निघाल्यावर. पुढचं वाक्यच सुचेना. लोकांना वाटलं, सरांना भरून आलं. टाळ्या थांबेनात.