अठ्ठेचाळीस किलो आठशे

"कपडे काढ आणि उभा राहा," डॉक्टर म्हणाला. मराठीत म्हणाला. त्या हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो.

कुवेतमधल्या रुमैथियातलं जिम. दुपारची वेळ. वीस-पंचवीस माणसं, निम्म्यांनी मोबाईल वर धरलेले. मी शर्ट काढला. पँट काढली. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, नुसत्या चड्डीवर, मी स्वतः बसवलेल्या वजनकाट्यावर चढलो. कोणीतरी हसलं. जिमचा मालक अरबीत काहीतरी बोलला, मग सगळेच हसले.

आकडा आला. पन्नास.

"पन्नासच असतं म्हणून सांग," डॉक्टर म्हणाला. "पुढचं मी बघतो."

माझं वजन बावन्न. कितीतरी वर्षं बावन्न. काटे दुरुस्त करणारा माणूस स्वतःचं वजन रोज बघतो, ते त्याला पाठ असतं.

"फिफ्टी," मी म्हणालो. "करेक्ट."

शेजारी रामोन उभा होता. मेक्सिकोचा मुष्टियोद्धा. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. आकड्याकडे बघितलं, मान हलवली आणि खुर्चीवरचा आपला टॉवेल उचलला.

हे असं का झालं ते सांगतो. स्वतःला सोडून सांगणार नाही.

मी कुवेतला आलो तो एसीवाल्याचा हेल्पर म्हणून. काटे दुरुस्त करायला शिकलो इजिप्तच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे. आज माझं छोटं वर्कशॉप आहे, व्हॅन आहे. सोन्याची दुकानं, क्लिनिक, जिम, सगळीकडचे काटे मी बघतो. मी घासाघीस करणारा माणूस आहे. डोकं लवकर तापतं, पण सौद्यात तापू देत नाही. म्हणून टिकलो.

जिमच्या मालकाला मुष्टियोद्धा व्हायचं होतं. वय तीस, बापाची इस्टेट, आणि कधीच न हरलेला माणूस. हरवायला त्याने रामोनला बोलावलं. तिकीट एकट्याचं. सोबत ट्रेनर नाही, कोणी नाही. हॉटेल महाग पडतं म्हणून त्याला ठेवलं मंगफला, आमच्या फ्लॅटवर. सहा कोकणी माणसांत सातवा मेक्सिकन. आमचा वेल्डर बाळादादा त्याला रामभाऊ म्हणायला लागला. "वाईच पेज घे रे रामभाऊ, हाडां दिसतत तुझी!" रामोन हसायचा आणि पोटावर हात ठेवून नाही म्हणायचा. त्याला पन्नास किलो आठशेच्या आत यायचं होतं. फ्लायवेट.

वजन उतरवणं मी पहिल्यांदाच जवळून बघितलं. प्लास्टिकचा सूट घालून तो भर उन्हात गच्चीवर पळायचा. शेवटचे दोन दिवस पाणी नाही. बर्फाचा खडा तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. ओठांची सालं निघालेली. मी वर्कशॉपमधला एक चांगला काटा त्याच्यासाठी फ्लॅटवर आणून ठेवला होता. चढण्याआधी तो पाय पुसायचा. देवघरात जावं तसा.

मोडक्या इंग्रजीत तो सांगायचा, मोडक्या इंग्रजीत मी ऐकायचो. पंधराव्या वर्षी ग्लोव्हज घातले. गावच्या जत्रेत लढला, बैलांच्या झुंजीच्या रिंगणात लढला. चोविसाव्या वर्षी पट्ट्यासाठी लढत मिळाली, बारा फेऱ्या. दोन पंचांनी समोरच्याला दिली, एकाने याला. बस. त्यानंतर मॅनेजर फोन उचलेना. मग याचं काम ठरून गेलं. फोन येतो, दहा दिवसांत ये. जपान, इंग्लंड, थायलंड. तिथला कोणीतरी वर चढतोय, त्याला पायरी हवी असते. रामोन म्हणाला, "आम्ही हलक्या वजनाचे. आमची लढत चालू असते तेव्हा लोक आपली खुर्ची शोधत असतात."

मग बोट वर करून म्हणाला, "पण एकवीस वर्षांत वजनात मी एकदाही चुकलो नाही. एकदाही नाही."

छत्तीस वर्षांच्या माणसाकडे तेवढंच उरलं होतं.

डॉक्टर आमच्याच बाजूचा. पुण्याचा. मोठ्या क्लिनिकमध्ये नोकरी, मालकाच्या उठबशीतला, लढतीचा डॉक्टरही तोच. पहिल्या भेटीत त्याने मला आडनाव विचारलं होतं. सांगितलं तेव्हा "असं असं," म्हणाला, आणि तेव्हापासून अरे-तुरे. लढतीच्या तीन दिवस आधी त्याने मला सबाह अल-सालेम भागातल्या त्याच्या घरी बोलावलं. दारातच उभं केलं.

"मालकाचं वजन उतरत नाही रे. दोन किलो जास्त भरतंय. काट्याचं बघ काहीतरी."

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. मी सौदा केला. आमच्या तिन्ही क्लिनिकच्या काट्यांचं काम तुला देतो, तो म्हणाला. मी म्हणालो, तीन वर्षांसाठी, लेखी. तो हो म्हणाला. मला वाटलं, मी जिंकलो.

काटा खोटा करायला फार अक्कल लागत नाही. वीस किलोचं वजन ठेवायचं आणि मशीनला सांगायचं की हे सव्वाएकोणीस आहे. पुढे तो इमानदारीने सगळ्यांना तसंच मोजतो.

सगळ्यांना. हेच ना डॉक्टरच्या डोक्यात आलं, ना माझ्या. मालक चढला, पन्नास सहाशे. टाळ्या. मग रामोनने पाय पुसले आणि चढला. अठ्ठेचाळीस किलो आठशे.

तो खाली उतरला. परत चढला. तेच.

"चुकीचं आहे," तो म्हणाला. "सकाळी पन्नास सातशे होतो. ह्याच्याच काट्यावर." आणि माझ्याकडे बोट केलं. "त्याला विचारा. तो खोटं बोलणार नाही."

तेव्हा डॉक्टरने मला कपडे काढायला लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लढत झाली. मालक खाऊन-पिऊन आणखी चार किलो चढला होता. रामोनच्या अंगातलं गेलेलं पाणी एका दिवसात परत आलं नव्हतं. पहिल्या दोन फेऱ्या त्याने मालकाला नाचवलं. एकवीस वर्षांची विद्या होती ती. चौथ्या फेरीत रामोनच्या बरगडीवर एक बसला, मग कानाखाली. गुडघे टेकले. उठला. पुन्हा बसला कानाखाली. मी ओरडलो, "डॉक्टर, थांबवा!" डॉक्टर रिंगच्या कडेला खुर्चीत बसून होता. त्याने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.

रामोन अकरा दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आल्यावर त्याला घरी पाठवलं. बाळादादाने त्याची पिशवी भरली. प्लास्टिकचा सूटसुद्धा घडी करून ठेवला.

तेव्हापासून मला तो आकडा दिसतो. वर्कशॉपमध्ये कुठलाही काटा चालू केला की शून्य येण्याआधी सगळे आकडे एकदा चमकतात. त्यात मला अठ्ठेचाळीस आठशे दिसतो. सोनाराच्या दुकानात दिसला. बाळंतिणींच्या वॉर्डात, तान्ह्या बाळाच्या काट्यावर दिसला. सकाळी बाथरूमच्या दाराशी पाय पुसल्याचा आवाज येतो. बघतो तर कोणी नसतं.

आणि आई दिसते. ती काजूच्या बिया विकायला न्यायची. व्यापारी तिला काट्याला हात लावू द्यायचा नाही. विटाळ. टोपली लांब ठेवायची, त्याचा माणूस मोजणार, तो सांगेल ते वजन. आईच्या हाताला वजन कळायचं. "साडेसात हायत शेटजी," ती म्हणायची. तो म्हणायचा, "सहा. काटा काय खोटं सांगतो?" ती सहाचे पैसे पदराला बांधून घरी यायची. त्या रागातून मी हे काम शिकलो, असं मी लोकांना सांगत आलो. आणि रुमैथियाच्या त्या हॉलमध्ये आईच्या जागी रामोन उभा होता. व्यापारी मी होतो. चड्डीवर उभा असलेला, पण व्यापारी.

गेल्या आठवड्यात रामोनच्या मुलीचा निरोप आला. इंग्रजीत, सरळ. पप्पा नीट बोलू शकत नाहीत, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात की काटा चुकीचा होता. इथले डॉक्टर म्हणतात, डोक्याला मार लागलेल्या माणसाला असे भास होतात. तुम्ही तिथे होता. खरं काय ते सांगाल का?

खरं तेवढं एकच त्याच्याकडे राहिलं होतं. त्यालाही आता आजार म्हणत होते.

त्याच दिवशी डॉक्टरचा फोन आला. "अरे, पुढच्या महिन्यात परत कार्यक्रम आहे. फिलिपिन्सचा एक पोरगा येतोय. काट्याचं तेवढं मागच्यासारखं बघ."

"नाही बघणार."

"काय हवंय ते बोल ना. तू तर बोलणारा माणूस."

"काही नको. जिमचा काटा सकाळीच सरळ करून आलोय. तुमच्या क्लिनिकच्या कामाचे कागद मी फाडले, तुमचे तुम्ही फाडा."

"तुझा कफील कोण आहे मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाला. आवाज थंड. "एका फोनचं काम आहे. तो व्हिसा रद्द करेल, आठवड्यात गावी पोचशील. तुम्हा लोकांना जरा वर घेतलं की..."

"वाक्य पुरं करा," मी म्हणालो. "रेकॉर्ड करतोय."

त्याने फोन ठेवला.

मी मुलीला लिहिलं. तुझे वडील बरोबर आहेत. त्यांचं वजन पन्नास किलो सातशे होतं. त्यांना भास होत नाहीत. काटा मी खोटा केला, कसा केला ते खाली लिहितो, कोणीही जाणकार तपासून बघू दे. खाली सगळं लिहिलं, सही केली, शिक्का मारला, पाठवलं. माफी मागितली नाही. तिच्याकडून काही घ्यायचा मला हक्क नाही.

ती हा कागद जिथे नेईल, तिथे मी जाणार. इथून हाकललं तर गावाहून जाणार. तिथे मला विचारतील, तू कोण. मी सांगणार, काटा बिघडवणारा. मग दुसरं नाव सांगणार डॉक्टरचं, आणि तिसरं मालकाचं.