बेटावर कोंबडा उतरायचा नाय

आमचा जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा माझी पोरगी वनरक्षक झाली. डोंगराकडच्या भातशेतीवाल्याची पोर, आणि ड्युटी कुठं लागली तर डहाणूच्या खाडीत! मधे खाऱ्या पाण्यातल्या तिवरांच्या झाडांचं एक बेट आहे. बगळे तिथं घरटी करतात, म्हणून राखीव. बघायला येणाऱ्या लोकांना बोटीनं न्यायचं, वाटेवरनं फिरवायचं, परत आणायचं, हे तिचं काम. पहिल्याच दिवशी आम्ही नवरा-बायको तलासरीहून एसटीनं बघायला गेलो.

आमच्याकडं नव्या रानात पाय ठेवायचा तर आधी तिथल्या देवाला कोंबडा दाखवायचा. मी पिशवीत घेतला एक. बायको म्हणाली, "सायबाला विचारा तरी." म्हटलं, "कसला साहेब? आपलीच पोर ना!" शाळेत गेलो नाय, पण अक्कल शिकवायला मी पहिला.

आम्हाला पाणी ठाऊक ते भाताच्या चिखलणीपुरतं. बोट हलली तसा मी बायकोचा हात घट्ट धरला. थोड्या वेळानं कळलं, हात शेजारच्या पाव्हण्याचा होता. बोट चालवणारा तांडेल चिंचणीकडचा. तो आपल्या जोडीदाराला हळूच बोलला, "पोरगी नवीन हाय. दोन दिवस दम देईल, मग आपली माणसं उतरतीलच खेकडं धरायला." ते ऐकून मी पोरीकडं बघितलं; ती बोटीच्या पुढच्या टोकाला माणसं मोजत होती.

बेटाला लागलो आणि पिशवी आरवली. पोरगी समोर येऊन उभी.

"बा, पिशवीत काय हाय?"

"भाजी."

"भाजी आरवते?"

सगळी बोट हसली.

"अगं, देवाला दाखवतो नि लगेच आणतो. तुझ्यासाठीच ना!"

तिचा चेहरा जरा उतरला. वाटलं, सोडेल. तांडेल टक लावून बघत होता.

"खाली कोंबडं नाय, कुत्रं नाय. घरट्यांत पिल्लं हायेत. तू कोंबड्यासंगं बोटीत बस, नायतर बोट माघारी फिरवते."

बायको खुशाल उतरली. म्हणाली, "बसा आता दोघं!"

बसलो. बोटीतनंच हात जोडले. देवा, पोरीचा हुकूम हाय, इथनंच बघ.

तेवढ्यात एक होडी आली. तांडेलाच्याच ओळखीचे चार गडी, खेकड्यांच्या टोपल्या घेऊन. ते बेटाला टेकायच्या आत आमचा तांडेलच ओरडला, "मागं घ्या रे! तिनं सख्ख्या बापाला नाय उतरू दिलं, तुम्हाला काय सोडंल?"

"कुठला बाप?" होडीतला एक जण बोलला.

"हा! मीच तो!" म्हणून मी छाती काढून उभा राहिलो. बोट कलली, मी बोटीच्या तळात साचलेल्या पाण्यात बदकन बसलो आणि पिशवीतनं सुटलेला कोंबडा माझ्या डोक्यावर. हसत हसत का होईना, त्यांनी होडी वळवली. माझा लेंगा चिंब, पण मी बसलो होतो आमदार बसावा तसा.

परतीच्या एसटीत मी जो भेटेल त्याला सांगत होतो, पोरीनं मला उतरू दिलं नाय म्हणून. बायको म्हणाली, "मागच्या दोन सीटांना ऐकू गेलं नसंल, परत सांगा."

मी उठून परत सांगितलं.