शिवणखोलीतला चोर

काकूंच्या शिवणखोलीत कपड्यांपेक्षा गप्पाच जास्त शिवल्या जातात, असं लोक गमतीनं म्हणत. माप द्यायला हात वर केला की बायकांचं तोंडही मोकळं व्हायचं. दवाखान्यातली नर्स सांगायची, "मरताना माणूस देवाचं नाव घेतो म्हणे! काही नाही काकू, तो पाणी मागतो." कोर्टातली टायपिस्ट म्हणायची, "खरं बोलणारा अडखळतो. खोटं कसं सरळ टाइप होतं." नाच शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचं म्हणणं वेगळंच. "गुडघे गेले, तरी पायातली वळवळ जात नाही. तीच कला. बाकी सगळी कसरत." काकू तोंडात टाचण्या धरून नुसत्या "हूं" म्हणत.

पडद्यापलीकडे त्यांचा नवरा काज-बटणं करायचा. तो इतका अबोल, की बायकांनी त्याला 'मौनीबुवा' नाव ठेवलं होतं. तो तिथं आहे हेही त्या विसरून जायच्या.

एके दिवशी नर्स तणतणत आली. "काकू, माझं पाणी रेडिओवर गेलं!"

रेडिओवर नवी श्रुतिका सुरू झाली होती, लेखकाचं टोपणनाव कुणाच्या ओळखीचं नव्हतं. तिच्यात पाणी मागणारा म्हातारा होता. पुढच्या भागात नाचाच्या बाईंचे गुडघे आले.

"भिंतीला कान असतात हे ठाऊक होतं," टायपिस्ट म्हणाली, "आता हातही फुटलेत!"

संशय गेला तो ग्रंथालयातल्या बाईवर. ती नवी होती. बोलायची कमी, ऐकायची फार. एकच कोट घेऊन वरचेवर यायची आणि दर खेपेला थोडा आत घ्यायला लावायची. काकूंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी सापळा लावला. ती एकटी असताना हळूच सांगितलं, "लग्नाआधी मी सर्कशीतल्या झुलेवाल्याबरोबर पळून जाणार होते." साफ थाप!

झुलेवाला रेडिओवर आला. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्या बाईला सगळ्यांदेखत सुनावलं. ती कोट तिथंच टाकून निघून गेली.

पण पुढच्या भागात श्रुतिकेतली शिंपीण म्हणाली, "आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही. भूक लागली." काकूंच्या हातातली कात्री थांबली. हे त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं.

त्यांनी पडदा सारला. "अहो, तुम्ही?"

मौनीबुवानं सुई खाली ठेवली. "तुम्ही सगळ्या इतकं बोलता, आणि संध्याकाळी ते चिंध्यांबरोबर केरात जातं. मला बघवेना."

"मग विचारायचं होतं!"

"विचारलं असतं तर गप्प झाल्या असतात." त्यानं सुई पुन्हा उचलली. "एक विचारू? तो झुलेवाला... खरा होता?"

"त्यालाही रेडिओवर घातलंतच ना?"

"घातला. पण तीनदा खोडून मग लिहिला."

"नव्हता हो कुणी झुलेवाला."

त्यानं मान डोलावली. पण त्याला ते पटलं नाही, हे काकूंना दिसलं.

त्यांनी बायकांना खरं काय ते सांगून टाकलं. नर्सनं येणं सोडलं. नाचाच्या बाई उलट रुसल्या, त्यांना दोनच वाक्यं का म्हणून! पडदा निघाला, मौनीबुवा सगळ्यांसमोर बसू लागला. आता जी ती आधी त्याच्याकडे बघायची आणि मग जपून, घडी घातल्यासारखं बोलायची.

कोट मात्र खुंटीला तसाच होता. शेवटी काकू तो घेऊन ग्रंथालयवालीच्या घरी गेल्या.

"चुकले मी," त्या दारातच म्हणाल्या. "पण तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? आजारी आहे मी, वजन रोज उतरतंय. वाटलं, तुम्हाला मापाच्या टेपवरून कळलंच असेल."

दर खेपेची मापं त्यांनी स्वतःच्या हातांनी घेतली होती. संशयाच्या भरात त्यांना फक्त तिचे कान दिसले होते.

त्यांनी तिला कोट चढवायला लावला. तो आणखी सैल झाला होता. काकू खाली बसून टाचण्या लावू लागल्या, तसं ती आपणहून सांगू लागली, आजार कसा सुरू झाला ते.

"थांबा," काकू म्हणाल्या आणि उठून आधी दार लावून आल्या.