सदोष नव्हता तो सेन्सर

माधवी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथला, आमच्या प्रयोगशाळेतच होतो. दीड महिना झाला. लोक म्हणतात, आता राग सोड... तो सुटत नाही.

माधवी सोनिवलीच्या शेतकरी घरातली, माझ्याबरोबरच एमएस्सी झालेली. केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्या वापरून ती नखाएवढा सेन्सर बनवायची. अमोनियाचे कण त्या नळ्यांना चिकटले की त्यांतून वाहणारी वीज बदलते. नाकाला वास येण्याआधी यंत्राला कळतं. दोन वर्षं ती सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली होती.

जवळच्या एका कारखान्याने अमोनियावर चालणाऱ्या शीतयंत्रांच्या खोलीत तो चाचणीसाठी लावला. आठवड्याभरात तो रोज वाजू लागला. तिथला मॅनेजर वैतागला. वास येत नाही, फुकट काम थांबतं, यंत्रच खराब आहे, असं त्याने आमच्या मालकांना कळवलं. मालकांना हे गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. 'सेन्सर सदोष' असा अहवाल टाइप झाला. माधवीने सही करायला साफ नकार दिला, म्हणून तो माझ्यासमोर आला. मी सही केली...

ती भांडली नाही. "सेन्सर बरोबर आहे, संदीप. व्हॉल्व्ह गळतोय," एवढंच म्हणाली. सेन्सर काढल्यानंतर चौथ्या दिवशी ती स्वतःच मोजमाप घ्यायला त्या खोलीत गेली, आणि व्हॉल्व्ह फुटला.

शोकसभेत तोच मॅनेजर तिला 'कर्तव्यनिष्ठ' म्हणाला. कारखान्याच्या पत्रात मात्र ती 'परवानगीशिवाय आत शिरली'. गेटवरच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव आहे, वेळ आहे, शेजारी त्याच मॅनेजरची सही आहे. मी डोळ्यांनी पाहिलीय. इतकं निर्लज्ज खोटं लिहिताना कुणाचाच हात अडखळला नाही. माझाही कुठे अडखळला होता?

गेल्या आठवड्यात सोनिवलीला तिच्या घरी गेलो. टेबलावर तिची वही होती. सेन्सर वाजल्याची प्रत्येक वेळ, समोर आकडे. तिच्या वडिलांना सगळं कळलं होतं.

"त्या कागदावर सही तुझीच हाय ना?"

"हो, काका."

त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. "मंग आता दुसरी कर."

ती वही आणि माझा सहीचा जबाब मी कारखाना निरीक्षकांकडे दिला. नोकरी त्याच संध्याकाळी गेली. चौकशी आता कुठे सुरू झालीय. प्रयोगशाळेतल्या माधवीच्या टेबलाच्या कप्प्यात तिचे बिघडलेले सगळे नमुने आहेत, प्रत्येकाच्या पुडीवर बिघाडाचं कारण तिच्या बारीक अक्षरात. त्यांत तो सेन्सर नाही.